हस्ताचा पाऊस सरल्यावर

१. थंडीची वाट पाहावी काय?

परसात चार वाफ्यांपुरती जागा असलेला मनुष्य हिवाळी भाज्यांविषयी जो पहिला प्रश्न हमखास विचारतो तो असा, की मेथी, मुळा, गाजर, वाटाणा आणि कोबी ही सारी थंडीची पिके, तर मग ती लावण्यासाठी थंडी पडण्याची वाट पाहावी काय? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर साफ नकारार्थी आहे. ज्या रात्री आपण पेटीतली गोधडी बाहेर काढतो, त्या रात्रीपर्यंत यांपैकी बहुतेक भाज्यांचे बी जमिनीत पडून महिना लोटलेला असावा लागतो. कारण आपल्याकडील सौम्य हवामानात हिवाळी बागेची मुदत थंडीच्या आगमनाने ठरत नसून पावसाच्या निरोपाने ठरते. या प्रकरणाचा सारा विस्तार या एका विधानाभोवती आहे.

विवेचनाला एक ठिकाण हवे म्हणून आपण पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडील मौजे पासली घेऊ. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवर, तोरण्याच्या परिसरात आणि सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ हे गाव आहे. पूर्वी हा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात मोडत असे; १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो पुणे जिल्ह्यात आला. जून ते सप्टेंबर येथे पाऊस असा कोसळतो की भात, नाचणी आणि वरी यांखेरीज दुसऱ्या पिकाचा विचारही करू नये. आणि पाऊस एकदा गेला, की पुढचे सात-आठ महिने आभाळातून पाण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते. अतिवृष्टी आणि टंचाई या दोहोंच्या मध्ये जो ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा अवकाश उरतो, तीच येथील परसबागेची खरी सुगी.

२. झाडाला थंडी म्हणजे काय?

वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि रात्रंदिवस श्वसनासाठी तीच साखर खर्च करीत असते. रात्र उष्ण असेल तर हा खर्च वाढतो, रात्र थंड असेल तर तो कमी होतो. मेथी-मुळ्यासारख्या शीत ऋतूच्या भाज्यांचा जमाखर्च दिवसा २० ते २५ अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून बरेच कमी तापमान असताना उत्तम जमतो. दिवसाची मिळकत बरी आणि रात्रीचा खर्च थोडा, म्हणून शिल्लक पानांत, मुळांत आणि दाण्यांत साठते. पौषातले गाजर आणि पौषातला वाटाणा गोड लागतो याचे मुख्य कारण हेच. टोमॅटो, भेंडी, गवार, दुधी यांची प्रकृती निराळी. रात्र फार गारठली की त्यांची वाढ रेंगाळते, फळधारणा मंदावते.

आता आपली थंडी ती किती? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरीने ११-१२ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा २९-३० अंशांपर्यंत चढतो. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती, पण तसा दिवस विरळा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्याचे वृत्त वर्तमानपत्रांत छापून येते ते त्याच्या अपूर्वाईमुळेच. म्हणजे पिके गोठण्याचे भय आपल्याला जवळजवळ नाही. मात्र रात्रीची थंड हवा जड असल्याने उतारावरून सरकत खोऱ्याच्या तळाशी साचते, ही गोष्ट डोंगराळ गावात ध्यानात ठेवावी. वेलवर्गीय भाज्यांचे आळे ओढ्याकाठच्या खोलगट जागेपेक्षा घरामागच्या उंचवट्यावर अधिक सुखी राहते.

थंडीइतकाच महत्त्वाचा, पण सहसा विचारात न घेतला जाणारा घटक म्हणजे दिवसाची लांबी. लंडनमध्ये २१ डिसेंबरचा दिवस पुरता आठ तासांचाही नसतो. तेथील बागाईतदार म्हणतात की दिवस दहा तासांहून लहान झाला की झाडाची वाढ जवळजवळ थांबते, आणि म्हणून हिवाळ्यात खायची भाजी शरद ऋतूतच वाढवून जमिनीत नुसती उभी ठेवावी लागते. पासलीच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. आपल्या हिवाळ्यात झाड झोपत नाही. ते वाढत असते, फुलत असते, आणि पाणी मागत असते. विलायती बागकामाची पुस्तके प्रमाण मानून येथे वेळापत्रक आखणाऱ्याची फसगत होते ती या एका फरकामुळे.

दिवसाच्या लांबीचा हुकूम काही पिके इतक्या काटेकोरपणे पाळतात की त्यापुढे माळ्याची तजवीज चालत नाही. थंड देशांतल्या कांद्याच्या कित्येक जातींना गड्डा धरण्यासाठी चौदा तास किंवा अधिक लांबीचा दिवस लागतो. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. तसले बी येथे पेरले तर पातीमागून पात येत राहते, गड्डा धरत नाही. आपल्याकडचे कांदे अकरा-बारा तासांच्या दिवसावर गड्डा धरणारे आहेत. याच्या उलट आपला जुना गावठी पावटा दिवस आखूड होऊ लागल्याखेरीज फुलावर येत नाही. तो आषाढात टोका की भाद्रपदात, फुलतो तो दिवाळीच्या आगेमागे.

३. नक्षत्रांवरून वेळापत्रक

आपल्या शेतकऱ्याने महिन्यांपेक्षा सूर्याच्या नक्षत्रांवर अधिक भरवसा ठेवला तो उगाच नव्हे. सप्टेंबरच्या २६-२७ तारखेला हस्त लागते, त्याचा तो गडगडाटी ‘हत्तीचा पाऊस’ ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत चालतो. मग चित्रा, त्यानंतर २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती आणि ६ नोव्हेंबरच्या सुमारास विशाखा. बहुतेक वर्षी नैऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या भागातून परततो. अर्थात हस्ताच्या अखेरीस वाफे तयार, चित्रेत मंद वाढीच्या भाज्या, आणि स्वाती-विशाखेत झटपट येणाऱ्या भाज्या, असा ढोबळ क्रम लागतो. चित्रेतले ऊन कडक असते, म्हणून तेव्हा पेरलेल्या वाफ्यावर रुजवण होईतो भाताचा पेंढा अंथरावा आणि अंकुर दिसताच तो संध्याकाळच्या वेळी काढून घ्यावा.

हा हिशेब उलट्या बाजूने करून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. भोगी साधारणतः १३ जानेवारीला येते. त्या दिवशीच्या लेकुरवाळ्या भाजीत वाटाणा, पावटा, ओला हरभरा, गाजर आणि वांगी घालायची, आणि ती सारी आपल्याच परसातली असावीत असा संकल्प आहे असे समजू. लवकर येणाऱ्या ‘अर्केल’ जातीचा वाटाणा पहिल्या तोडणीला ५५ ते ६० दिवस घेतो. १३ जानेवारीतून ६० दिवस मागे गेले की १४ नोव्हेंबर येतो. पण पहिल्या तोडणीत जेमतेम ओंजळभर शेंगा मिळतात, म्हणून आणखी आठवडा हाताशी ठेवून स्वाती संपता संपता वाटाणा टोकावा. गाजराला ९० ते १०० दिवस हवेत. त्याची पेरणी ऑक्टोबरच्या १० तारखेपलीकडे जाऊ देऊ नये. ओल्या सोलाण्यासाठी हरभरा ऑक्टोबरच्या मध्यावर पेरला म्हणजे पुरते. पावट्याला पावसाळ्यातच जागा द्यावी लागते. वांग्याची गोष्ट त्याहून आधीची: चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला भरीत होऊन ताटात येते, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत झाड फळावर असले पाहिजे, आणि त्यासाठी रोपे ऑगस्टमध्येच लावणीला तयार हवीत. एका दिवसाच्या भाजीची सिद्धता अशी पाच महिने आधी सुरू होते.

४. माती, राख आणि वाफसा

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस जमिनीतला चुना आणि पालाश धुऊन नेतो, त्यामुळे तांबूस, हलकी आणि काहीशी आम्लधर्मी माती मागे उरते. भाताला आणि नाचणीला ती चालते. मेथी, पालक, वाटाणा आणि कोबी यांना मात्र आम्लता मानवत नाही. बी चांगले, पाणी वेळेवर, तरी रोपे पिवळी आणि खुजी, अशी तक्रार या भागात ऐकू आली तर पहिला संशय आम्लतेचाच घ्यावा.

यावरचा उपाय चुलीत आहे. लाकडाची राख अल्कधर्मी असते आणि तिच्यात चुना व पालाश दोन्ही असतात. पावसाने जे नेले तेच ती परत देते. वाफा तयार करताना दर चौरस मीटरला दोन मुठी चाळलेली राख मातीत मिसळावी. मात्र ताज्या शेणाबरोबर ती कालवू नये, कारण राखेच्या संगतीने शेणातले नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते. शेणखत पुरते कुजलेले असावे आणि ते राखेच्या पंधरवडाभर आधी घालावे.

ही शिकवण या मुलुखाला नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडकोटांच्या व्यवस्थेविषयी जी ताकीद आहे तीत असे सांगितले आहे, की रस्ते, बाजार आणि तटावरचा केर गडाखाली लोटू न देता ठिकठिकाणी जाळावा, आणि ती राख परसात टाकून घरोघरी होतील तेवढे भाजीपाले करवावेत. राज्यकारभाराच्या इतक्या थोर ग्रंथात, दारूगोळा आणि तटबंदी यांच्या पंक्तीला, परसातल्या पालेभाजीला स्थान मिळावे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या राजगडावरून शिवाजी महाराजांनी रायगडाला जाण्यापूर्वी सुमारे पाव शतक कारभार चालविला, तो गड आणि तोरणा हे दोन्ही या वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यातच उभे आहेत. तेथल्या मातीची गरज आणि त्या आज्ञेतला उपाय यांचा मेळ आजही तंतोतंत बसतो.

मातीत हात घालण्याची योग्य वेळ कोणती, हे कळण्यासाठी वाफसा म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. पाऊस थांबल्यावर मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून जाते आणि तेथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून राहते; हवा आणि ओल दोन्ही एकाच वेळी मुळांना मिळण्याची ही जी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. पारख अगदी सोपी आहे. चार बोटे खोलवरची माती मुठीत घेऊन दाबावी. गोळा बोटांना चिकटून बसला, तर फावडे परत खोपटात ठेवावे, कारण अशी ओली माती खणली तर तिची ढेकळे उन्हात विटेसारखी कडक होतात. गोळा बनला आणि अंगठ्याने नुसते टोकरताच भुसभुशीत होऊन तळहातावर पसरला, तर तोच वाफसा. गोळा बनलाच नाही, तर वेळ टळली; आता आधी पाणी, मग दोन दिवसांनी खणणे. भातखाचरात हा अवधी फार थोडा असतो, कारण चिखलणीने मातीचे कण दाबले गेलेले असतात. म्हणूनच भात कापून होताच खाचरात अंगओलीवर हरभरा, मसूर, वाल टाकण्याची जी घाई मावळात दिसते, ती घाई नव्हे, तो नेमका हिशेब असतो.

५. पाण्याचा जमाखर्च

हिवाळ्यात एका वाफ्याला किती पाणी लागते? ढोबळ मानाने, पूर्ण वाढलेल्या पालेभाजीच्या वाफ्यातून या ऋतूत दररोज सुमारे चार मिलिमीटर पाणी हवेत निघून जाते. एका चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हा तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला रोज १२ लिटर, म्हणजे एक बादली पाणी हवे. असे पाच वाफे असले तर पाच बादल्या. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी, भाज्या धुतलेले पाणी आणि न्हाणीतले साबण न मिसळलेले पाणी एकत्र केले, तर मोठ्या कुटुंबात यातला बराच भाग निघतो. दररोज शिंपडण्यापेक्षा तीन दिवसांतून एकदा वाफा भरून पाणी द्यावे म्हणजे मुळे खोल जातात; फक्त बी रुजेपर्यंतचा काळ याला अपवाद. आणि पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहून रोगाला वाट करून देतात.

मिळवलेले पाणी राखण्याचा मार्ग खुरपणीत आहे. जमिनीच्या पोटातले पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढत राहते, निरांजनातल्या वातीतून तेल चढावे तसे. वरचा अंगुळभर थर खुरप्याने मोकळा केला की ती वात तुटते आणि पाणी खालीच राहते. म्हणून तण असो वा नसो, पाणी दिल्यानंतर वाफसा येताच एकदा हलकी खुरपणी करावी. त्यावर पेंढ्याचे किंवा वाळल्या पाल्याचे आच्छादन घातले तर उत्तमच. ओढ्याचे पाणी माघ-फाल्गुनात आटू लागते, तेव्हा ही बचत उपयोगी पडते.

६. काय लावावे, काय सोडून द्यावे

नवशिक्याने पहिल्या वर्षी मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक आणि शेपू यांपलीकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मेथी ३० दिवसांत हाती येते. तीन चौरस मीटरला दहा-बारा ग्रॅम बी पुरे होते. सगळा वाफा एकदम पेरला तर सारी भाजी एकाच आठवड्यात तयार होते आणि शेजाऱ्यांना वाटूनही उरते. वाफ्याचे तीन भाग करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरले तर महिनाभर ताजी जुडी मिळत राहते. धने पेरताना हाताखाली रगडून त्यांची दोन दले करावीत, कारण आपण ज्याला एक धणा म्हणतो त्या फळात दोन बिया असतात.

मुळ्याच्या बाबतीत लोक एका ठिकाणी हटकून चुकतात. रोपे चार पानांची झाली की ती विरळ करावी लागतात, दोन रोपांत किमान चार बोटांचे अंतर राहील इतकी. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते, म्हणून त्यात नुकसान काहीच नाही. उगवलेले रोप उपटण्याचे ज्याच्या जिवावर येते, त्याला पोसलेला मुळा मिळत नाही, नुसता पाला मिळतो. थंडीत ‘पुसा हिमानी’ आणि उष्ण दिवसांत ‘पुसा चेतकी’ अशी जातींची वाटणी आहे. पिशवीवरचे नाव वाचल्याखेरीज बी घेऊ नये. चाकवत, आंबट चुका आणि करडईची कोवळी पाने यांचा बाजारात आता फारसा मान राहिला नाही, परंतु कमी पाण्यात, फारशी निगा न करता येणाऱ्या या भाज्यांना प्रत्येक परसात एक कोपरा मिळालाच पाहिजे.

फुलकोबीविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण सर्वांना ती हवी असते आणि बहुतेकांची ती फसते. ही भाजी मूळची युरोपातली. १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत तिचे बी प्रथम आणले गेले असे आपल्याकडील कृषिग्रंथ नमूद करतात. तिचा गड्डा म्हणजे न उमललेला, दाटून राहिलेला फुलोरा होय, आणि तो कोणत्या तापमानाला धरावा हे जातीजातीला ठरलेले असते. हळव्या जाती २० ते २५ अंशांना गड्डा धरतात, निमगरव्या १६ ते २० अंशांना, तर ‘स्नोबॉल’ वर्गातल्या गरव्या जातींना १० ते १६ अंश लागतात. हळवी जात उशिरा लावली तर रोप लहान असतानाच थंडी लागून बोराएवढा गड्डा धरून बसते. गरवी जात लवकर लावली तर पानेच पाने वाढतात. आपल्या दिवसरात्रीची सरासरी ऐन थंडीत २० अंशांच्या आसपास येते, तेव्हा परसासाठी निमगरवी जात घेऊन तिची रोपे हस्ताच्या पावसापासून आडोशाला गादीवाफ्यावर वाढवावीत आणि ऑक्टोबरअखेर लावावीत. गड्डा लिंबाएवढा झाला की आतली पाने वर ओढून सुतळीने सैल बांधावीत, म्हणजे ऊन लागून तो पिवळा पडत नाही. एवढी निगा राखणे शक्य नसेल तर फुलकोबीऐवजी नवलकोल लावावा. तो पन्नास-साठ दिवसांत येतो आणि जमिनीचे फारसे लाड मागत नाही.

वाटाणा आणि पावटा यांच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतले नत्र जमिनीत आणतात, म्हणून पुढच्या वर्षी त्या वाफ्यात पालेभाजी घ्यावी.

७. मावा, भुरी आणि रानडुक्कर

जानेवारीत दोन-तीन दिवस ढगाळ गेले की पावट्याच्या शेंड्यांवर आणि कोबीच्या पानांखाली मावा दिसू लागतो. सुरुवातीला शेंडे खुडून टाकावेत. वाढला तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि गाळलेले पाणी संध्याकाळी फवारावे. वाटाण्याच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते, तिच्यावर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम प्रमाणात उपयोगी पडते. परंतु डोंगराकडेच्या गावात या दोहोंपेक्षा मोठा शत्रू म्हणजे रानडुक्कर. त्याच्यापुढे कोणताही अर्क चालत नाही. बंदोबस्त एकच, पावसाळा संपता संपता काटेरी झुडपांची भक्कम वई घालणे.

८. पुढच्या वर्षाचे बी

ऊन तापू लागले की मेथी, कोथिंबीर, पालक आणि मुळा यांना फुलांचे दांडे येतात. प्रत्येक वाफ्यातली चार-पाच उत्तम झाडे, म्हणजे सर्वांत शेवटी फुलावर आलेली, न तोडता ठेवावीत. लवकर फुलणाऱ्या झाडाचे बी धरले तर पुढच्या वर्षीची भाजीही लवकर जून होते. मुळा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या मुळ्याशी सहज संकरित होतो, म्हणून बियांसाठी एकच जात ठेवावी. पावट्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. बी सावलीत खडखडीत वाळवून, चाळलेली कोरडी राख मिसळून मडक्यात भरावे आणि तोंड लिंपून माळ्यावर ठेवावे. राखेमुळे भुंग्याला शिरकाव मिळत नाही.

कोबीचे आणि ‘नँटीस’सारख्या विलायती गाजराचे बी मात्र आपल्याकडे धरत नाही. त्यांना फुलावर येण्यासाठी कित्येक आठवडे दहा अंशांच्या आतली सलग थंडी सोसावी लागते, आणि तशी थंडी हिमाचल-काश्मीरच्या खोऱ्यांत पडते. कोबीच्या बियांचे उत्पादन तेथे होते ते त्यामुळेच. लाल गावठी गाजर आपल्या मैदानी थंडीत फुलते, त्याचे बी घरी धरता येते. कोबीच्या बियांची तरतूद दर वर्षी सप्टेंबरपूर्वी दुकानातूनच करावी, आणि पिशवीवरची उगवणक्षमतेची मुदत पाहून घ्यावी.